साठवलेला आवाज

चेंडू बॅटला लागला, त्याच क्षणी शब्द तोंडातून सुटला पाहिजे, असं सहदेव गायकर म्हणायचे. चेंडू लांब गेल्यावर बोलतो तो समालोचक नव्हे, तो बातमीदार.

डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या आसपासच्या गावांत भात कापून झालं की मैदानं आखली जातात आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. पूर्वी शेतांत भरायच्या. आता दोन टॉवरांच्या मधे जो तुकडा उरला असेल त्यावर भरतात. मंडप, मोठे स्पीकर, विजेत्याला मोटारसायकल, आणि टेबलामागे माईक धरून बसलेला एक माणूस. वीसेक वर्षं तो माणूस म्हणजे गायकर. आठवडाभर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला, आणि शनिवार-रविवार माईकवर. क्षेत्ररक्षकाच्या हातून झेल सुटला की ते म्हणायचे, "लग्नाचं जेवण याच हातानं वाढलं होतं का रे? पंगत उपाशी उठली असेल." लोक खेळापेक्षा त्यांना ऐकायला येत, असं त्यांचा साथीदार संदेश भोईर सांगतो. संदेश धावफलक सांभाळायचा आणि गायकर पाणी प्यायला थांबले की तेवढ्यापुरता माईक घ्यायचा.

एका मोसमात घसा बसला तो उघडलाच नाही. गायकर तंबाखू खात. ते त्यांनी डॉक्टरांपासून लपवलं नाही आणि नंतर त्याबद्दल कुणाला दोषही दिला नाही. तपासण्या झाल्या. स्वरयंत्र काढावं लागेल असं ठरलं.

ऑपरेशनला थोडा अवधी होता. रुग्णालयात निशिगंधा नावाची एक तरुण बाई होती. आवाज गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायच्या वाटा शिकवणं हे तिचं काम. तिनं गायकरांच्या मोबाइलमध्ये एक फुकट ॲप घालून दिलं. त्यात आपल्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करायची, प्रत्येकाला एक चौकोन द्यायचा. नंतर चौकोनावर बोट ठेवलं की आपलाच आवाज बोलतो.

"नुसतं पाणी द्या, औषध द्या असं भरू नका," ती म्हणाली. "माणूस दिवसभर पाणी मागत नाही. रागवायचं भरा, चिडवायचं भरा. आणि ज्यांना हाका मारता त्यांच्या हाका भरा."

गायकरांनी स्वयंपाकघरात बसून भरलं, कारण रस्त्याचा आवाज तिथं कमी येत होता. बसलेल्या घशातूनच, पण आवाज ओळखू यावा इतका त्यांचाच. "कोण आहे? थांबा, आलो." "मीठ जास्त पडलंय." "दर्शना, बोल गं." दर्शना ही त्यांची मुलगी, लग्न होऊन विठ्ठलवाडीला राहते. आणि "हौसा". हौसाबाई म्हणजे बायको. ही हाक त्यांनी तीन प्रकारे भरली: शेजारच्या खोलीतून मारायची, रागानं मारायची, आणि नुसतीच. नुसतीच कशाला, असं हौसाबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू हायस का नाय ते बघायला."

हौसाबाईंनी आपल्याला हवं तेही एक त्यांना भरायला लावलं. "माझ्या भावावरनं भांडता ते पन भरा. नायतर मी एकटीच भांडत बसंन." तेही भरलं.

ऑपरेशनानंतर गायकर गळ्याच्या खालच्या भोकातून श्वास घेऊ लागले. त्यावर पांढरा जाळीदार रुमाल. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं, पण किरणांच्या उपचारानं गळ्याची कातडी इतकी घट्ट झाली होती की यंत्राची घरघर तोंडापर्यंत पोचतच नसे. दुसरा एक उपाय डॉक्टरांनी करून पाहिला, तो टिकला नाही. राहिला मोबाइल.

तो चालला. बरेच दिवस चांगला चालला. दर्शनाचा फोन आला की गायकर मोबाइलचा स्पीकर लावून चौकोन दाबायचे आणि तिकडे तिला बापाचा आवाज ऐकू यायचा. तिला ठाऊक होतं की हे भरून ठेवलेलं आहे. तरी ती, "पप्पा, घसा आज बरा वाटतोय," असं म्हणायची. घरात भांडणंही होत. हौसाबाई आपलं बोलून घेत आणि गायकर उत्तराचा चौकोन शोधत बसत. "शोधा, शोधा," त्या म्हणत. "तवर मी भाजी फोडनीला टाकतंय."

पण मोबाइल साधा होता आणि स्पर्धांचे सगळे ग्रुप त्यात होते. रोज षटकारांचे व्हिडिओ, वाढदिवसाचे बॅनर, सकाळच्या फुलांच्या शुभेच्छा. साठा भरला तसा तो अडखळू लागला. चौकोन दाबावा, आणि आवाज यावा तो समोरचा माणूस वळून गेल्यावर. रिक्षावाल्याला "इथंच थांबवा" हे वाक्य पुढच्या चौकात ऐकू आलं. दुसऱ्या कुणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. गायकरांना ते सहन होईना. चेंडू सीमेपार गेल्यावर बोलणारा माणूस ते आता स्वतःच झाले होते, आणि समोरचे त्यांच्याकडे ज्या समजूतदारपणानं पाहत तो त्यांना शिवीपेक्षा वाईट वाटे.

मानपाडा रस्त्यावर रत्नदीपचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं त्यांना उपाय दाखवला. प्रत्येक ॲप हाताशी काही तात्पुरतं सामान ठेवतं, पाहिलेल्या चित्रांच्या नकला, अर्धवट उतरलेले तुकडे. त्याला कॅशे म्हणतात. सेटिंग, ॲप्स, स्टोरेज, आणि 'कॅशे साफ करा'.

"हा वरचा केर आहे, काका. झाडला तरी घर तसंच राहतं. आठवड्यातनं एकदा मारायचा."

शेजारी दुसरं बटण होतं, 'डेटा साफ करा'. गायकरांनी त्यावर बोट दाखवलं.

"ते म्हणजे घर रिकामं करणं. ते लागत नाही सहसा," रत्नदीप म्हणाला. पण त्याच बैठकीत क्रिकेटचे सामने दाखवणारं एक ॲप काही केल्या उघडेना, तेव्हा त्यानं स्वतःच ते बटण दाबलं. ॲप कोरं झालं. रत्नदीपनं गायकरांचा मोबाइल नंबर घातला, ओटीपी घातला, आणि सगळं होतं तसं परत आलं. "सगळं वर असतं, काका. कंपनीकडे. नंबर टाकला की खाली येतं."

गायकर मन लावून शिकणारे होते. दर रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते मोबाइल झाडायला बसत. हौसाबाई त्याला मोबाइलची आंघोळ म्हणत. पुढे हट्टी ॲपांना ते स्वतःच दुसरं बटणही दाबू लागले. कोरं होई, नंबर टाकला की परत येई. एकदाही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी आवाजाचं ॲप फारच रेंगाळत होतं. त्याची कॅशे पुसली, फरक पडला नाही. गायकरांनी यादी पाहिली. सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्यांत तेच ॲप वर होतं. ते साहजिक होतं, वाक्यं त्यातच होती, पण ते त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना दिसला तो केर. त्यांनी दुसरं बटण दाबलं. मोबाइलनं विचारलं, कायमचं पुसलं जाईल, चालेल? हे तो दर वेळी विचारायचा. त्यांनी 'ठीक' दाबलं.

ॲप झटकन उघडलं. वर एक ओळ होती: 'पहिलं वाक्य जोडा.' गायकर नंबर टाकायची जागा शोधू लागले. ती कुठंच नव्हती.

त्या ॲपला नंबर कधी लागलाच नव्हता. वर काही नव्हतं. जे होतं ते याच मोबाइलमध्ये होतं.

हौसाबाई धुणं वाळत घालून आत आल्या तेव्हा ते मोबाइल मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग मोबाइल त्यांच्यापुढे धरला. हौसाबाईंना वाचता येतं, पण काय झालं ते त्यांना कोऱ्या पडद्यावरून नाही, नवऱ्याच्या बोटावरून समजलं. चौकोन जिथं असायचे तिथं ते बोट पुन्हा पुन्हा टेकत होतं.

रत्नदीपनं दुकान अर्धं ओढून घेतलं, मोबाइल संगणकाला जोडला, कल्याणच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. चहा मागवला, तो तसाच राहिला. शेवटी म्हणाला, "काका, फोटो असते तर काहीतरी निघालं असतं. हे ॲपच्या आतलं. आता पुसलेलं उघडतच नाही." मग मोबाइलची वायर काढत, "मी बोललेलो ना, ते बटण नको." गायकरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

निशिगंधा सांगते की वाक्यांची एक प्रत काढून ठेवायला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गायकरांना तसं आठवत नाही. दोघंही खरं बोलत असतील. ऑपरेशनच्या आधीच्या त्या दिवसांत त्यांना पुष्कळ जणांनी पुष्कळ काही सांगितलं होतं.

संदेशला सुचलं ते वेगळं. स्पर्धांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं, आणि गायकरांचा आवाज तिथं तासन्‌तास पडून आहे. "दादा, घाबरू नको. तुझा आवाज अख्ख्या ठाणे जिल्ह्यात पसरलाय. वेचून आणू." तो कामावरून आला की गायकरांकडे लॅपटॉप घेऊन बसायचा. दोघं जुने सामने ऐकत आणि शब्द कापून काढत. 'पाणी' सापडलं, खेळाडूंच्या विश्रांतीचं. 'थांबा' सापडलं, मैदानात घुसलेल्या प्रेक्षकांना उद्देशून. 'बस' सापडलं, 'उशीर झाला' सापडलं. संदेशनं ते मोबाइलवर घालून दिलं, यावेळी तीन ठिकाणी प्रती ठेवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना गायकरांनी 'पाणी' दाबलं. स्वयंपाकघरात मैदान घुसलं. मागे ढोल, भोंगा, शिट्ट्या, आणि त्यावर चढून ओरडणारा माणूस. हौसाबाईंच्या हातातला तांब्या हिंदकळला.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "ह्यो मैदानातला हाय. घरातला ह्यो नाय."

'हौसा' मात्र कुठंच सापडलं नाही. आयोजकांची, देणगीदारांची, नगरसेवकांची, पंचांची नावं सापडली. मोटारसायकल देणाऱ्या दुकानदाराचं नाव तर असंख्य वेळा. बायकोचं नाव माईकवर घ्यायचं काही कारणच कधी पडलं नव्हतं. दर्शनाच्या लग्नाचा व्हिडिओ पाहिला, तर त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. फोनवरचं बोलणं कुणी साठवलेलं नव्हतं. संदेश म्हणाला, "दादा, 'हौशी संघ' सापडलाय. त्यातला 'हौ' घेतो आणि 'सा' दुसरीकडनं." त्यानं जोडून दाखवलं. गायकरांनी एकदा ऐकलं आणि लॅपटॉप हातानं मिटला. संदेश त्यानंतर येतो, पण लॅपटॉप आणत नाही.

निशिगंधानं लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप दिलं. ते मराठी स्वच्छ बोलतं. गायकर टाइप करतात, एक पुरुष बातम्या दिल्यासारखा सांगतो: चहा हवा आहे. हौसाबाई, ज्यांच्या तोंडून घरात कधी पुस्तकी शब्द आला नाही, त्या त्याला, "हो, ठेवते हं," म्हणतात. पाहुण्याला म्हणावं तसं. दर्शनाचा फोन आला की गायकर तो बायकोच्या हातात देतात. पहिल्यांदा दर्शना, "पप्पांना दे ना," म्हणायची. अलीकडे म्हणत नाही. निशिगंधानं बोलावलं तर गायकर जात नाहीत. नव्या मोसमात संदेशनं टेबलाजवळ खुर्ची टाकून ठेवली होती. ते गेले नाहीत, आणि खुर्चीवर दुसरं कुणी बसलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी हौसाबाई वाल सोलत होत्या. गायकर समोर, भिंतीला टेकून. दूर कुठल्याशा मैदानावरचा स्पीकर ऐकू येत होता. हौसाबाईंनी शेंग हातात तशीच धरली.

"तुमी मना कशी हाक मारायचं?" त्या म्हणाल्या. "मना आठवतंय पन कानात येत नाय. सांगा, अशी का?" आणि त्यांनी स्वतःलाच हाक मारली. "हौसा."

गायकरांनी मान हलवली. नाही.

"हौसाऽ."

नाही.

"मग शेवट खाली सोडून? हौसा." त्यांनी हनुवटी किंचित खाली घेतली, पुरुषी आवाज काढायचा प्रयत्न केला. त्यांना हसू आलं, ते टिकलं नाही. "अवो, कसं ते दाखवा तरी."

दाखवायला त्यांच्याकडे ओठ होते. त्यांनी ओठ हलवले. गळ्यावरचा रुमाल फुगला आणि बसला.

हौसाबाईंनी पुन्हा एक हाक मारली, पुन्हा एक, थोडी वर, थोडी लांब. एकही बरोबर नव्हती. त्यातली एकही जवळपास पोचत नव्हती, आणि प्रत्येकीबरोबर त्यांचा चेहरा अधिक भांबावत चालला होता. पुढची हाकही तशीच होती. तिला गायकरांनी मान डोलावली. हो, हीच.

"हीच ना?" हौसाबाई म्हणाल्या. "बघा. मना ठाव होतं."

त्यांनी ती पुन्हा दोनदा म्हणून पाहिली, पाठ व्हावी म्हणून, आणि वाल सोलायला घेतले.