बॅनरवरचं पहिलं नाव

तहसील कचेरीवरच्या मोर्चाच्या बॅनरवर पहिलं नाव कोणाचं, यावरून तीन संघटना हातघाईवर आल्या होत्या. खदानीच्या सुरुंगांनी भिंती तिघांच्याही माणसांच्या तडकल्या, पण भांडण काय, तर नावाचं! इंझोरीच्या शेतमजूर बायांची रंगूबाई म्हणे, आमची संघटना जुनी. तांड्यावरचा सेवालाल म्हणे, माणसं आमची जास्त. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि नाव निघालं सबिहाच्या शिलाई मंडळाचं. काय मिरवली होती ती! कापडावर अक्षरं स्वतः शिवली, आपलं नाव वर, चांगलं ठसठशीत.

आता तेच नाव तिच्या जिवावर उठलं होतं. काल भरदुपारी खदानवाल्याचा माणूस दुकानात येऊन बसला. शिवायला आलेला ब्लाऊज उलटापालटा करत म्हणाला, "पयलं नाव तुमचं हाय म्हंते. म्हंजे पुढारी तुमीच. बाकीचे काई येत नाईत उद्या. तहसीन कालेजात एकटीच जाते ना?"

तो गेल्यावर सबिहानं रंगूबाईला फोन लावला, सेवालालला लावला. कोणीच उचलला नाही. लेकीचं नाव त्याच्या तोंडून ऐकल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आपलं नाव उसवावं म्हणून कात्री घेतली, पण टीप इतकी पक्की होती की कापडच फाटलं असतं.

आज ती कचेरीसमोर आली ती कशीबशी. मंडळाच्या मोजक्या बाया, बगलेत गुंडाळलेलं बॅनर, आणि रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर तोच माणूस. सबिहानं बॅनर बगलेत आणखी घट्ट दाबलं.

तेवढ्यात टेम्पो थांबला. रंगूबाई बायांना घेऊन उतरली आणि तिनं नवंच बॅनर उघडलं. पहिलं नाव तिच्या संघटनेचं. मागून सेवालालची माणसं आली. त्यांच्या बॅनरवर तांडा पहिला. सबिहाला रडूच आलं. या वेळेलाही यांना नावाचंच पडलंय?

"रंगूमाय, एकच बॅनर ठरलं होतं ना? फोन काहून नाई उचलला?"

"तो दारातच बसून होता ना, बाई. म्हणे, पुढारी सबिहा हाय, तिचं ती पाहून घेईन, तुमी घरी बसा. मंग मी सेवालालकडं गेली, अन् आमी दोघायनंबी आपापलं नाव वर घातलं." रंगूबाईनं मोटरसायकलकडे हात केला. "आता त्याले वाचू दे, पयलं कोण हाय ते. तुहं बी उघड."

सबिहानं गुंडाळी सोडली. दुसरं टोक रंगूबाईनं धरलं.