मामांच्या सायकलचं हँडल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. ती मामांची सख्खी बहीण. मामांचा उजवा हात लकव्यानं गेला असं आमच्या सगळ्या गोतावळ्यात मानतात. तो लकव्यानं गेला नाही. मी घालवला. पाना घेऊन.

कॉलेज अर्धवट सोडून मी कोल्हापूरला मामांकडं राहायला आलो. सत्तरच्या आसपासची गोष्ट. मामा शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत दुकानात फिरतीवर होते. हंगाम सुरू झाला की रोज सकाळी सायकल काढायची, आसपासच्या गावांतली गुऱ्हाळं पालथी घालायची, ताजा गूळ चाखायचा, रंग बघायचा आणि शेतकऱ्याचा माल आपल्याच दुकानाला लागेल असं बोलणं करून यायचं. मामा पोचले की घोंगडं अंथरलं जाई, उसाच्या रसाचा तांब्या पुढं येई. मालकानंतर दुकानात त्यांचाच शब्द. त्या शब्दावरच मला तिथं पट्ट्या लिहायला बसवलं होतं. मी गादीवर मांडी घालून दिवसभर दौतीत टाक बुडवून शेतकऱ्यांचे हिशेब लिहायचो आणि मामांच्या फिरतीकडं बघत राहायचो.

मामांना आपल्या मनगटाचा मोठा अभिमान. गुळाचा रवा, म्हणजे तीसेक किलोची ढेप, उचलून ते सहज गाडीवर टाकत. एकदा गर्दीच्या दिवशी मी पण उचलायला गेलो आणि तो निसटून माझ्याच पायावर बसला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," मामा सगळ्यांसमोर ओरडले. "ह्याच्या हाताला टाकसुदिक जड हुतोय. आईनं नुस्तं ताक पाजलंय ह्याला!"

हमाल पोट धरून हसले. त्या दिवसापासून ते मला 'टाकवालं पावणं' म्हणायला लागले. मामा विसरून गेले. मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आंघोळीला गेले असताना मी बोळातल्या त्यांच्या सायकलशी गेलो. मामांना हवा भरणं आणि तेल सोडणं यापलीकडं सायकलीतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. कॉलेजात माझी सायकल मीच खोलायचो. हँडलच्या दांड्याला वर आणि खाली वाट्या असतात, त्यांत छर्रे. वरचा नट ढिला करून वाटी थोडी जास्त फिरवली आणि नट परत आवळला की छर्रे दाबले जातात. हँडल जड होतं. सायकल सरळ चालवतानाही हँडल सारखं सूतभर इकडंतिकडं होत असतं, त्यावरच तोल असतो. ते अडलं की सरळ रस्त्यावर सायकल नागमोडी जाते आणि वरचा माणूस प्यायलेला दिसतो.

मामा दुकानाशी आले ते झोकांड्या खातच. हमालांनी लगेच टोकलं.

"काय वो मामा, सकाळ सकाळीच?"

"गप ए!" मामा हसले. पण उतरल्यावर त्यांनी सायकलीकडं पाहिलंच नाही. आपल्या हाताकडं पाहिलं.

माझी चेष्टा तेवढीच होती. संध्याकाळी नट ढिला करणार होतो, हे खरं आहे. पण संध्याकाळी मामा कट्ट्यावर बसून उजवी मूठ उघडत होते, मिटत होते, आणि त्यांच्या तोंडावरचं भय मी पाहिलं. ते कशाचं ते मला माहीत होतं. माझ्या आजोबांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा उजवा हात लकव्यानं गेला होता. मामांनी पुढं कित्येक वर्षं त्यांना भरवलं, धुतलं. 'आमच्यात उजवा हात जातो' असं घरात बोलायचे. ज्याला रवा फुलासारखा वाटायचा तो माणूस भ्यालेला पाहून मला बरं वाटलं. आता लिहितोच आहे तर नीट लिहितो: मजा वाटली.

मी नट ढिला केला नाही. चार-पाच दिवसांनी वाटी अजून थोडी आवळली. मग परत.

मामा वळणावर उतरून सायकल हातानं वळवायला लागले. मामी रोज तेल कोमट करून त्यांचा खांदा चोळायची. एकदा मामांनी मला बाजूला घेतलं.

"भाच्या, कुणाला बोलू नगंस. हातातली ताकद चाललीया माझ्या. हँडल वळंना झालंय."

"सायकलीतच काय झालं नसंल कशावरनं?" मी विचारलं. का विचारलं, मला आजही सांगता येत नाही. कदाचित सुटायचं होतं. कदाचित अजून खेळायचं होतं.

मामांच्या डोळ्यांत जीव आला. "व्हय की! तूच जा घिऊन सायकलीच्या दुकानात. दाखवून ये."

त्यांना सायकल मिस्त्रीच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की दोष सायकलीत आहे. मी सायकल घेऊन निघालो. कोपऱ्यावर खिशातला पाना काढला, वाटी होती तशी बसवली आणि मग दुकानात गेलो. मिस्त्रीनं पुढचं चाक उचलून धरलं, हँडलला बोटानं टिचकी मारली. हँडल आपोआप एका बाजूला कललं.

"ह्यात काय बी न्हाय," तो म्हणाला. "लोण्यावानी फिरतंय की! चालवणाऱ्याचंच काय तरी बगा."

परत येताना त्याच कोपऱ्यावर मी वाटी आवळली, आधीपेक्षा जास्त. घरी येऊन मिस्त्रीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर खोटं बोललो नाही, आणि याचाही मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मामी आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात चालत आले आणि मालकांना म्हणाले, "फिरती जमंना मला. पोराला द्या. हुशार हाय." फिरती मला मिळाली. मी जिथं बसत होतो त्या गादीवर मामा बसले. हमालांनी त्यांच्याकडं बघून हसायचं पण बंद केलं, आणि मला वाटतं ते त्यांना जास्त लागलं.

सायकलसुद्धा त्यांनी मलाच दिली. "माझ्या काय कामाची?" मी नट ढिला केला आणि कसबा बावड्याच्या रस्त्यानं एक हात सोडून सुटलो. घोंगडी आता माझ्यासाठी अंथरली जायला लागली. कधी मामा दुकानाच्या दारात उभे असायचे. मी वळण घेऊन आलो की हमालांना म्हणायचे, "बगा बगा, कसं फिरीवतंय हँडल. मनगाट हाय त्येच्यात!"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे फिरती परत द्यायची. मी विचार केला आणि फिरती ठेवली.

पुढं हात खरंच गेला. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण मामांनीच तो वापरायचा सोडला. जड काही उचलायचे नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा डाव्या हातात. वापर थांबला तसा दंड वाळला, बोटं आखडली. ते डाव्या हातानं जेवायला लागले तेव्हा लग्नाच्या पंगतीत जायचे बंद झाले. शेजारी कुणी बघितलं तर हात पंच्याखाली लपवायचे. मामी गेली तेव्हा पाणी सोडायलाही उजवा हात पुढं आला नाही. ओंजळ मी धरली.

मामा अजून आहेत. मी दर महिन्याला जातो. त्यांना आता दिसत नाही, त्यामुळं हे छापलं तरी ते वाचणार नाहीत, आणि त्याच भरवशावर मी लिहायला बसलो असेन. मागच्या खेपेला निघताना त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट चाचपलं.

"जप हे," म्हणाले. "तू पण आमच्याच रक्ताचा."

मी 'हो मामा' म्हणालो आणि चपला घातल्या.

तुमच्या हाताला काहीही झालं नव्हतं, सायकल मी आवळत होतो. एवढं मी त्यांना समोर बसून सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.