आत्याबाईंचा बुचडा आणि पोहरादेवीची जत्रा

केनवडच्या स्टँडवर पहाटेची एसटी यायची वेळ झाली, तरी आत्याबाई घराचा उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या.

"देवीच्या गावाले आपलं काय काम व, कमल?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"देवीचं काम नाई आत्याबाई, जत्रेचं हाय," मी म्हटलं. "पाहाचं, खाचं, हिंडाचं अन् वापस याचं."

शेवटी बाजेवर पडलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे, कुशीवर वळून म्हणाले, "जाय न व. तुले कोन खाऊन राह्यलं तती?" तेव्हा कुठं आम्ही निघालो.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सरूबाई. मी केनवडच्या शाळेत शिक्षिका होते आणि नवरा अकोल्याला नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. तेव्हा वाशीमचा जिल्हा झाला नव्हता. आमचा सगळा कारभार अकोल्याहून चाले. आत्याबाईंचं जग मात्र त्याहून लहान होतं. शेत, घर आणि रिसोडचा बाजार, बस्स. चैत्रातल्या रामनवमीला पोहरादेवीला मोठी जत्रा भरते, लांबलांबून बंजारा समाज तिथं येतो, हे मी ऐकून होते. शाळेला सुट्टी होती आणि मला घरात बसवत नव्हतं. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. देवीशी आमचं भांडण नव्हतं आणि देणंघेणंही नव्हतं. त्यामुळे जायला काही हरकत आहे असं मला वाटेना.

पण आत्याबाईंना वाटत होतं, आणि त्याचं कारण त्यांच्या डोक्यावर होतं. त्यांचा बुचडा (अंबाडा) मोठा, घट्ट, कायम पदराखाली. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचे केस मोकळे म्हणून पाहिले नव्हते. त्या पहाटे दार लावून न्हायच्या आणि ओले केसच करकचून बांधून बाहेर यायच्या. कारण मला शेजारच्या बायकांकडून कळलं. तरुणपणी त्यांचं पहिलं लेकरू गेलं. त्या केस मोकळे टाकून, डोलत डोलत रडत बसायच्या. ते लांबच लांब केस आणि ते डोलणं पाहून कुणीतरी म्हणालं, हिच्या अंगात देवी येते. मग डफडं आलं, हळदकुंकू आलं. दर मंगळवारी लोक पायाशी बसून प्रश्न विचारू लागले. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी आत्याबाईंनी कपाळ धुतलं, केस बांधले आणि सगळं थांबवलं. पण केस सुटले की लोक पुन्हा तेच सुरू करतील ही धास्ती त्यांच्या मनातून गेली नाही. मला त्या बुचड्याचा भारी राग यायचा. एवढे केस, आणि त्यांना जन्मठेप!

वाशीमच्या स्टँडवर आम्ही आलूबोंडे (बटाटेवडे) खाल्ले आणि चहा घेतला. आत्याबाईंनी चहा बशीत ओतून प्यायला आणि "पान्यात साखर हाय, चाय नाई" असा निकाल दिला. जत्रेसाठी जादा गाड्या सोडल्या होत्या, तरी एकेका गाडीत दोन गाड्यांची माणसं. मी कोपरं मारत आत शिरले आणि खिडकीची जागा धरली. त्या धडपडीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आता दिवसभर एक पाय फरफटत चालणं आलं. आत्याबाईंनी पिशवीतला दोरा काढून चप्पल पायाला बांधून दिली आणि वर म्हणाल्या, "हौस कोनाले होती जत्रेची?"

मंगरूळच्या पुढे जमीन उंचसखल होत जाते. रानं मोकळी झाली होती, बांधावर पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) भारे रचलेले होते. टेकड्यांवरचा साग निष्पर्ण उभा होता. कडुनिंब मात्र फुलला होता आणि गाडी थांबली की त्याचा वास आत यायचा. आमच्या शेजारी एक बंजारा बाई बसली होती. घेरदार फेटिया (घागरा), हातभर बांगड्या, आणि घुगऱ्या (केसांत अडकवून गालांवर सोडलेले चांदीचे झुपके). ती बराच वेळ आत्याबाईंकडे निरखून पाहत होती.

"बुचडा लय भारी हाय व बाई तुहा. केस कुठलोक येतेत?"

आत्याबाईंनी पदर पुढं ओढला. "असतीन कमरेलोक."

मी खिडकीबाहेर तोंड करून हसले. घरातली जमीन झाडताना त्या बुचड्यातून निघालेला एकेक केस मी पाहिला होता.

पोहरादेवीला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. नगाऱ्याचा आवाज आधी ऐकू आला, मग धूळ दिसली आणि मग माणसं. तांड्यातांड्यांहून (बंजारा वस्त्यांतून) बैलगाड्या आल्या होत्या. आरशांचे तुकडे लावलेल्या ओढण्या उन्हात नुसत्या लखलखत होत्या. लोक रांगेनं दर्शनाला चालले होते. आम्ही दोघी बाजाराकडे वळलो. कडुनिंबाच्या सावलीत शिदोरी सोडली. भाकरी, फुणके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले गोळे) आणि ठेचा. आत्याबाईंनी रेवड्या घेतल्या, पाळण्याकडे बघून "आपल्याले नाई जमत बाप्पा" म्हटलं आणि मग मला ओढत पाळण्यात बसायला नेलं. वरून खाली येताना त्यांनी जी किंकाळी मारली ती वाशीमपर्यंत गेली असेल. मी खूश होते. आपली सासू आपल्यामुळे किंचाळते आहे हे सुख काही औरच.

बाजाराच्या टोकाला केसांच्या तेलाच्या एका कंपनीची गाडी उभी होती. कर्ण्यावर सिनेमाची गाणी चालली होती. गाडीपुढच्या लाकडी चौथऱ्यावर नायलॉनची साडी नेसलेली, नागपूरहून आलेली एक बाई फुकट नमुने वाटत होती. तेलाच्या बोटभर बाटल्या, तोंडाला लावायच्या स्नोच्या डब्या, पावडरच्या पुड्या. मागे एक उंच फळी टेकवलेली होती आणि तिच्यावर आडवे पट्टे रंगवले होते. कमर, मांडी, गुडघा, पोटरी. ज्या बाईचे केस सर्वांत लांब, तिला स्टीलची घागर बक्षीस. तेव्हा आमच्याकडे स्टील म्हणजे अप्रूप. घागर उन्हात अशी चमकत होती की बायकांची गर्दी हलेना. पण वर चढून केस सोडायची कुणाची छाती होत नव्हती. दोन मुली जाऊन आल्या, कमरेच्या पट्ट्यावर थांबल्या. मग एसटीतली आमची शेजारीण घुगऱ्या सोडून बेधडक वर गेली आणि मांडीचा पट्टा गाठून आली.

मी आधी स्नो लावून पाहायचं ठरवलं. फुकटचा म्हणून जरा जास्तच घेतला. तोंडाला घाम, त्यावर धूळ, आणि त्यावर ते पांढरं. जितकं चोळावं तितकं पसरत जाई.

"कायले थापून राह्यली व? भिंत पोतारली तुनं!" आत्याबाई ओरडल्या. बायका हसल्या, नागपूरची बाई हसली, आत्याबाई तर पोट धरून हसल्या, आणि त्या हसण्यात त्यांच्या डोक्यावरचा पदर खाली आला.

नागपूरच्या बाईची नजर बुचड्यावर गेली. "आजी, या ना वर. नुसतं टाळूला तेल लावते, थंड वाटेल."

पाळण्यात बसल्यामुळे असेल, की हसल्यामुळे, आत्याबाई चक्क वर गेल्या आणि स्टुलावर बसल्या. बाईनं टाळूवर तेल घातलं, बोटं फिरवली. आत्याबाईंनी डोळे मिटले. असं त्यांच्या डोक्याला किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता. बाईनं एक आकडा काढला, दुसरा काढला, आणि बुचडा सुटला. केस पाठीवरून, स्टुलावरून घरंगळत खाली चौथऱ्यावर येऊन पडले. पांढरे मोजकेच, बाकी सगळे काळेभोर.

गर्दीतल्या बायका पुढं सरकल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आंगात आली. बाईच्या आंगात आली."

आसपासच्या कुठल्याशा गावची, माझ्याच वयाची एक बाई पुढं झाली, तिनं हातातलं हळदकुंकू आत्याबाईंच्या पायावर वाहिलं आणि डोकं टेकवलं. जवळच्या डफडेवाल्यानं ताल धरला. लोक हात जोडू लागले. आत्याबाईंनी दचकून डोळे उघडले. ज्या गोष्टीपासून ही बाई इतकी वर्षं पळाली, तिच्याच तोंडी मी तिला आणून दिलं होतं. मी चौथऱ्यावर धावले आणि केस गोळा करायला हात घातला.

"आत्याबाई, बांधून देऊ?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब."

मग डफडेवाल्याकडे पाहून म्हणाल्या, "थे बंद कर आंधी."

त्याचा हात जागच्या जागी थांबला, आणि नागपूरच्या बाईनं कर्णाही बंद केला. आत्याबाई स्टुलावरून उतरून चौथऱ्याच्या कडेला बसल्या, केस तसेच मोकळे. त्या बाईला त्यांनी हनुवटीला धरून वर केलं.

"काय पाह्यजे व तुले?"

"आई, माही कूस उजवू दे."

"मी देवी नोहो, पोरी. मी केनवडची सरूबाई. माह्याजवळ फकस्त केस हायेत." आवाज बारीक होता, पण गर्दीत सगळ्यांना ऐकू जात होता. "मांगंबी लोकायले असंच वाटे. माहं लेकरू गेल्तं. मले देवी येत नोती, मले रडू ये. पन कोनी रडू देल्लं नाई. रडाले लागली का डफडं वाजवत."

त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आत्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "रड. आता कोनी वाजवत नाई."

ती हमसून हमसून रडली. थोड्या वेळानं आत्याबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. "आता आइक. वाशीमच्या दवाखान्यात जाय. अन् एकटी नको जाऊ, नवऱ्याले बी ने. त्याले लाज वाटत अशीन तपासाची, त माह्याकडे धाड."

आधी बायका हसल्या, मग पुरुष. ती बाईसुद्धा रडता रडता हसली आणि लाजून पदरात तोंड लपवून बसली.

आत्याबाई उठल्या. साडी झटकली, फळीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. "मोज व बाई आता. कायले थांबली?"

नागपूरच्या बाईनं केस सरळ केले. कमर गेली, मांडी गेली, गुडघा गेला. केसांची टोकं पोटरीच्या पट्ट्यावर येऊन थांबली. सगळ्यांत आधी ओरडली ती आमची एसटीतली शेजारीण, जिची घागर आत्ताच गेली होती तीच. "जितली व माय! अन् मले कमरेलोक म्हनत होती लबाड!"

डफडेवाला अजून ओशाळा उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "आता वाजवू का, मावशी?"

आत्याबाईंनी घागर कडेवर घेतली. "आता वाजव."

आणि त्यानं असं वाजवलं की विचारू नका! बंजारा बायकांनी फेर धरला, आत्याबाईंना मध्ये घेतलं. मी अर्ध्या पांढऱ्या तोंडानं आणि दोऱ्यानं बांधलेल्या चपलेनं नाचले. मला कुणी ओळखीचं पाहिलं असतं तरी पर्वा नव्हती. अभिमानानं माझा ऊर भरून आला होता.

परतीच्या गाडीत आत्याबाईंनी बुचडा घातला नाही, वेणी घातली. ती मांडीवरच्या घागरीवर येऊन पडली होती. कंडक्टर गमतीनं म्हणाला, "मावशी, घागरीचं तिकीट लागन."

"थे काय शिटावर बसली? माह्या मांडीवर हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत रेवड्या खात बसल्या. वाशीमला गाडी बदलताना मी घागर मागितली, तर दिली नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. घागर पाहून शेजारच्या बायका जमल्या. "कितीले घेतली व, सरूबाई?"

"घेतली नाई, जितली. माह्या केसाले भेटली." आणि त्यांनी उभ्या उभ्या वेणी सोडून दाखवली.

मामाजी बाजेवर उठून बसले. "अजून येवढे लांब हायेत? मले वाटलं, झडले असतीन."

"मंग इचाराचं होतं न," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर मी बरंच हिंडले. मुंबई पाहिली, अजिंठ्याची लेणी पाहिली, रेल्वेनं दूरदूर गेले. पुष्कळ ठिकाणांहून सामान घेऊन परतले, आठवणी घेऊन परतले. पण जिंकून परतल्याचा आनंद झाला तो त्या एका दिवसाच्या जत्रेत, आणि जिंकले होते ते मी नव्हे.

पुढच्या रविवारी आत्याबाईंनी दार लावलं नाही. भर उन्हात न्हाल्या आणि अंगणात बाजेवर केस पसरून पालथ्या पडल्या. रस्त्यानं जाणारे थबकत, एकमेकांना खुणावत. आत्याबाई मान न उचलता म्हणत, "पाहा, पाहा. वाळाले टाकले हायेत."