साडूभाऊंच्या गॅरेजमधला दसरा

अमेरिकेतल्या लेबर डेच्या सुट्टीत, सप्टेंबरातल्या एका दुपारी, तळ्याच्या मधोमध आमच्या बोटीच्या इंजिनाने प्राण सोडला, तेव्हा सुकाणू माझ्या हातात होतं. माझा गुन्हा एवढाच. खालून असा आवाज आला, की पितळी भांड्यांचं अख्खं कपाट कोणी जिन्यावरून लोटून दिलंय. मासे घाबरून काठावर चढले. बोटीत कोकणातून आलेल्या माझ्या सासूबाई होत्या, आणि साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बोट आम्हा दोघांच्या भागीतली.

साडूभाऊ जागचे हलले नाहीत. म्हणाले, "तरी मी सांगत होतो आई, याच्या हातात देऊ नका. एकदम रिव्हर्स टाकला याने. गिअरचं पार वाटोळं केलं!"

मी रिव्हर्सकडे बघितलंसुद्धा नव्हतं. पण सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि नापास झालेल्या पोराशी बोलावं तशा म्हणाल्या, "असू दे हो, धाकटे जावई. प्रत्येकाला सगळं जमतंच असं नाही."

ते 'असू दे' मला अजून टोचतं. शेवटी बिअर पिणाऱ्या एका टोळक्याने आम्हाला दोर बांधून काठाला ओढत नेलं, आणि त्यांचं कुत्रंसुद्धा वाटभर माझ्याकडे बघून मान हलवत होतं. पुढे साडूभाऊंनी ही कथा प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, वाढली. नवरात्रापर्यंत तर त्या कथेत मी बोट झाडावर चढवलेली होती.

मी मनात शपथ घेतली. हा माणूस सासूबाईंच्या देखत, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्याच गॅरेजमध्ये उघडा पडला पाहिजे.

आमचं इंजिन बोटीच्या मागे अडकवायचं असतं. थंडीआधी ते काढून, धुऊन, तेलं बदलून घरात ठेवावं लागतं, नाहीतर आत राहिलेलं पाणी गोठून त्याला चिरा पडतात. मी जर्सी सिटीत चौतिसाव्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे सायकल ठेवायला जागा नाही. त्यामुळे इंजिनाचा हिवाळा साडूभाऊंच्या तीन गाड्यांच्या गॅरेजमध्ये जायचा. गेल्या वर्षी ही सगळी तयारी त्यांनी एकट्याने केली होती. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "टेक्निकल काम आहे रे. तू आत जाऊन चहा टाक." मी चहा टाकला होता. म्हणजे गिअरला जे काही झालं, त्याचं मूळ त्या चहाच्या वेळेत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साडूभाऊ ऑफिसला गेलेले बघून मी गॅरेजमध्ये शिरलो; मोडलेलं इंजिन तिथे आणून ठेवलेलं होतं. महिनाभर एवढे व्हिडिओ बघितले होते, की झोपेत बायकोचा खांदा स्पार्क प्लगसारखा पिळायला लागलो होतो. इंजिनाच्या तळाशी, पंख्याच्या वर, गिअरच्या पेटीचा एक स्क्रू असतो. तो काढला की जुनं तेल धो धो वाहायला हवं. मी काढला. थेंब नाही. आत सळई घातली. टोकाला पांढरट करडा गोळा आला, त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. वास घेतला आणि गॅरेजमध्ये दिवाळीची पहाट झाली.

खोबरेल! बाहेर थंडी, आत गोठलेलं खोबरेल. दुकानात जायचा कंटाळा, म्हणून या महाभागाने गिअरला डोक्याचं तेल पाजलं होतं!

मी नाचलो नाही. म्हणजे, थोडा नाचलो. मग स्क्रू होता तसा बसवला, बोटांचे ठसे पुसले आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "उद्या इंजिनाची पूजा तुझ्या ताईकडे करू. यंत्र आहे ते. आईंच्या हातून होऊ दे."

दसऱ्याला गॅरेजमध्ये चौरंग मांडला. इंजिनाला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. सासूबाई साडीवर माझं जाकीट घालून खुर्चीत बसल्या. आरती झाली आणि मी हात जोडले.

"साडूभाऊ, माझ्या हातून चूक झाली ती झाली. आता हिवाळ्याची तयारी कशी करतात, ते आईंसमोर एकदा मला शिकवा."

साडूभाऊंची छाती इतकी फुगली, की जाकिटाची चेन आपोआप खाली आली. "बघ हं, नीट बघ. हा स्क्रू. हा काढला की तेल येतं."

तेल आलं नाही.

"थंडीने घट्ट झालं असेल," मी अगदी गरीब आवाजात म्हणालो आणि खिशातून, म्हणजे अगदी योगायोगाने, बायकोचा हेअर ड्रायर काढला. साडूभाऊंचा चेहरा झेंडूहून पिवळा पडला. त्यांना तेव्हाच आठवलं.

"राहू दे रे, उद्या करू..."

"छे, मुहूर्त आहे!"

ड्रायर सुरू केला. आधी एक थेंब पडला, मग धार लागली. वास चौरंगावरून खुर्चीपर्यंत गेला. सासूबाईंचं नाक हललं. त्या उठल्या, वाकल्या, आणि आई हरवलेल्या लेकराला ओळखते तसं त्यांनी ते तेल ओळखलं.

"हे माझ्या घाण्यावरचं खोबरेल! पोरींच्या डोक्यासाठी पाठवलं होतं मी. थोरले, हे यात कोणी घातलं?"

"आई, तेल ते तेलच ना... बेसिकली लुब्रिकंट..."

"मग उद्या तुमच्या आमटीला गाडीचं तेल घालू फोडणीला?"

आणि माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "धाकटे, तुम्ही बसा इथे खुर्चीत. यांच्याकडून नीट करून घ्या."

एवढ्याचसाठी तर मी महिनाभर व्हिडिओ बघितले होते.

मी बसलो. मोडलेले गिअर मेकॅनिकच्या हवाली होण्याआधी साडूभाऊंनी पेटी उघडून सगळं खोबरेल खरवडून काढलं. मी म्हणालो, "अजून वास येतोय." त्यांनी पुन्हा खरवडलं. स्पार्क प्लग काढून, गंज चढू नये म्हणून आत तेलाचा फवारा मारला. मी म्हणालो, "जोरात मारा, टेक्निकल काम आहे." मध्येच त्यांनी कंबर धरून माझ्याकडे बघितलं. दसऱ्याला सोनं देऊन जुनं वैर विसरावं म्हणतात. मीही विचार केला.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "जरा थांबा. आत जाऊन आधी चहा टाका."