नववी अट

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्याचा लॅपटॉप कडाप्प्यावर फिरेल, त्याने त्याचा मोह सोडावा.

ही सूचना आमच्या विद्यापीठाच्या फलकावर कधी लागली नाही. ती आण्णांच्या बोटात होती. आण्णा आमच्या संगणक प्रयोगशाळेतले मदतनीस. दारापाशी कडाप्प्याचा ओटा होता. मिटलेला लॅपटॉप ते त्यावर ठेवत, एका कोपऱ्याला बोटाने हलकेच ढकलत आणि बघत राहत. धडधाकट यंत्र बूड टेकून बसून राही. एखादं मात्र जागच्या जागी गर्रकन फिरे. मग आण्णा चष्मा काढून म्हणत, "पोट सुटलंय." म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. आणि पाठोपाठ त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मी सांगायचं काम केलं. तुम्ही ऐकू नका."

हे वाक्य ते इतक्या थंडपणे म्हणत की ऐकणारा आपलं यंत्र हातभर लांब धरून बाहेर पडायचा.

त्यांचं म्हणणं खरं ठरायचं, ही त्यातली वाईट गोष्ट. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज ऐकून ते म्हणाले, "गुरुवार बघंल, शुक्रवार न्हाय." शुक्रवारी पाहुणे व्याख्याते आले आणि भिंतीवर अंधार पडला. विभागप्रमुखांच्या टेबलाखालच्या यूपीएसकडे ते आठवडाभर जाता-येता नुसते बघत होते. आठव्या दिवशी तो गेला. पोरं म्हणायची, आण्णा बघतात म्हणून बिघडतं. मी सुशिक्षित माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. फक्त त्यांच्यासमोरून जाताना माझा लॅपटॉप मी दप्तरात, दप्तर काखेत आणि काख भिंतीकडे करून जात असे.

मग तो नियम आला. यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा लॅपटॉप आणायचा, त्याची तपासणी करून घ्यायची आणि परीक्षाही त्यावरच द्यायची. तपासणीच्या फॉर्मवर आठ अटी होत्या: प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा वगैरे. सहावी अट अशी की बॅटरी सलग तीन तास चालली पाहिजे, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये प्लग नव्हते. आठही रकाने भरले की हिरवं स्टिकर. स्टिकर नाही तर परीक्षा नाही. या तपासणीच्या समितीचा सचिव होण्याचा मान मला मिळाला. मी शिक्का बनवून घेतला, शाईची गादी घेतली आणि आरशासमोर एकदा सही करून बघितली.

तपासायचं काम आण्णांकडे होतं. प्रत्येक पोराला स्टिकर लावताना आपण आपल्याच लॅबमधली एक खुर्ची रिकामी करतोय, हे त्यांना कळत नसेल असं नाही. दर आठवड्याला टेम्पो येई आणि लॅबमधले चारपाच संगणक घेऊन जाई. खंडेनवमीला आण्णा दरवर्षी चाळीस संगणकांना हळदीकुंकू लावायचे, झेंडूची फुलं वाहायचे. त्या वर्षी फुलांची परडी घेऊन ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. आत एकच संगणक उरला होता. तोही टेम्पोवाले नेणार होते, पण आण्णांनी दारात उभं राहून सांगितलं, "ह्यो राहू द्या. लागंल." कोणाला, कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. विचारायचं धाडसही कोणी केलं नाही.

परीक्षेच्या आधी आठ दिवस मुरगूडची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले, छातीशी लॅपटॉप धरलेला. जयसिंगपूरच्या आत्तेभावाने वापरून दिलेला. शेवटचं सत्र होतं तिचं.

"सर, आठच्या आठ अटी बसतात. आण्णा स्टिकर देईनात."

मी तिला घेऊन लॅबमध्ये गेलो. आण्णांनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि बोट लावलं. तो फिरला. एकदा, दोनदा, आणि मग डुगडुगत थांबला.

"बॅटरी काढून टाक बाळ," आण्णा तिला म्हणाले. "वायर लावून चालव. मशीन चांगलं हाय."

"पण मग सहावी अट?" ती म्हणाली.

पेच इथेच होता. बॅटरी काढली तर यंत्र सुरक्षित, पण फॉर्म नापास. ठेवली तर फॉर्म पास.

"आता किती वेळ चालते?" मी विचारलं.

"तीन तास दहा मिनिटं, सर."

"आण्णा, पोरीचं वर्ष जाईल."

"वर्ष दुसरं येतंय, साहेब."

"फॉर्मवर पोटाची अट नाही."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, लॅबची किल्ली बोटात फिरवली आणि म्हणाले, "मी सांगायचं काम केलं."

पुढचं अर्धं वाक्य त्या दिवशी ते बोललेच नाहीत. मी मोठ्या मनाने स्टिकर काढलं आणि माझ्या हाताने चिकटवलं. मुलगी वाकून नमस्कार करू लागली. घरी जाताना मी स्वतःवर इतका खूश होतो की वाटेत थांबून मिसळ खाल्ली.

परीक्षेच्या दिवशी हॉलच्या दारात आण्णा प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले. पायाशी वाळूची लाल बादली, मांडीवर ओलं पोतं.

"आण्णा, आज तुमची ड्युटी नाही."

"नसंना."

"मग ही बादली?"

"बादलीची हाय."

मी हसलो. आत जाऊन दोघा सहकाऱ्यांना हा किस्सा सांगितला, तेही हसले. पेपर सुरू झाला. हॉलभर नुसती बटणांची टकटक. मी फेऱ्या मारत होतो, पण का कोण जाणे, प्रत्येक फेरी त्या मुलीच्या बाकापाशी हळू होत होती. एक तास गेला. दुसराही जात आला. खिडकीतून आण्णांची पाठ दिसत होती. माणूस इतका वेळ इतका स्थिर बसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मग वास आला. गोडसर, नेलपॉलिशसारखा. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी लावून आलं असेल. मुलीने टाइप करणं थांबवून हात मागे घेतले. लॅपटॉपच्या फटीतून बारीक सूं सूं ऐकू येऊ लागलं. मी पुढे व्हायचं तर मागे झालो.

आण्णा आत आले ते धावत नाही, चालत. ओलं पोतं टाकलं, लॅपटॉप पोत्यासकट उचलला आणि तसेच समोरच्या मैदानात गेले. खाली ठेवेपर्यंत पोत्यातून पांढरा धूर निघत होता. त्यांनी पोतं ओढून काढलं, बादली उपडी केली, चार पावलं मागे आले. फटकन आवाज झाला आणि वाळूचा ढीग उडाला.

मुलगी पळत त्यांच्या मागे गेली होती. "आण्णा, अकरा प्रश्न राहिल्यात."

"चल," आण्णा म्हणाले.

तिची आधीची उत्तरं विद्यापीठाच्या सर्व्हरवर जमा झाली होती. लॅबमधल्या त्या एकुलत्या संगणकासमोर आण्णांनी तिला बसवलं. आठातली एकही धड अट त्यात बसत नव्हती, आणि तो तिचा तर मुळीच नव्हता. मी कोरा फॉर्म घेतला, आठही रकाने भरले आणि मालकाच्या जागी तिचं नाव लिहिलं. माझ्या नोकरीतलं ते सर्वात खोटं आणि सर्वात नीट भरलेलं कागदपत्र. ती लिहीत होती तोवर आण्णा तिच्या मागे उभे होते, डावा हात पाण्याच्या तांब्यात बुडवून. तळव्याची कातडी गेली होती. पोरगी पास झाली.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णांची मुदत संपली. लॅबच नाही, तर मदतनीस कशाला, असा साधा हिशेब. कुरुंदवाडला भावाकडे राहायला गेलेत म्हणे. आता तपासणी मोबाइलवर होते. विद्यार्थी स्वतःच आठ ठिकाणी 'होय' म्हणतो, स्टिकर आपोआप येतं. परीक्षेच्या दिवशी हॉलच्या दारात मी जरा जास्तच रेंगाळतो, आणि आत शिरल्यावर पहिल्यांदा खोल श्वास घेऊन बघतो.

एक मात्र सांगायचं मी आतापर्यंत टाळलं. वाळू उडाली त्या क्षणाचं. सगळा हॉल खिडक्यांना चिकटलेला, कोणी हूं की चूं करत नव्हतं. आण्णा भाजलेला हात मनगटाशी धरून वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे, नुसतं बघितलं. आणि त्या शांततेत समितीचा सचिव, म्हणजे मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेलो, "पण आण्णा, फॉर्म तर पूर्ण भरलेला होता की."