खोल पाण्यातलं भूत

मी फोनवर खेळते त्या गेममध्ये माझ्याकडे खोल समुद्रातला एक भुतासारखा प्राणी होता. अंग पारदर्शक, डोळ्यांच्या जागी दोन फिकट दिवे. तो कितीही लढवला तरी मोठा होत नाही. अदलाबदलीत दुसऱ्या खेळाडूकडे गेला, तरच त्याचं रूप बदलतं; मग तो परत मागून घ्यायचा. दोन वर्षं तो तसाच होता, कारण कोणाला विचारणं मला जमत नव्हतं.

सारसोळे कोळीवाड्यातल्या मावशी रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी मासे विकतात. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी पाटीमागे बसून तोच गेम खेळताना दिसली. माझे बोंबील साफ होईपर्यंत मी धीर गोळा केला आणि तिला विचारलं.

तिने एक साधं कासव पाठवलं, मी माझा प्राणी. तिच्या फोनवर तो लांब, पांढरा, झालरी सुटलेला झाला. ती बघतच राहिली. तिने तो ठेवून घेतला असता तर मी एक शब्द बोलले नसते, हे मला माहीत होतं.

मावशींनी कोयत्यावरून मान वर करून फोनकडे पाहिलं. "असलं जाल्यात आलं तर आमी परत पान्यात टाकतो. दे त्यांचं त्यांना. गिऱ्हाईक हाय."

तिने परत पाठवला. मी थँक्स म्हणून पिशवी उचलली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडं पन एक हाय, असाच अडकलेला. कोनाला विचारनार?"

मी पिशवी खाली ठेवली.