सेफ आहे म्हणे

दुबईत हौस म्हणून पिस्तूल चालवायला शिकायचं ठरवलं, तेव्हा मी दोन शूटिंग रेंज बघून आलो. पहिल्या रेंजवर सगळे फार गोड बोलत होते आणि एक गिऱ्हाईक हातात पिस्तूल घेऊन फोटोसाठी आमच्याकडेच वळलं होतं. दुसऱ्या रेंजवर पाऊल टाकताच ओरडा बसला, "साहेब, पिवळ्या रेषेच्या मागं! कानाला मफ लावा आधी!" मी तिथेच नाव नोंदवलं.

ओरडणारे गृहस्थ साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. नेम धरेपर्यंत ट्रिगरवर बोट न्यायचं नाही, हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की तिथल्या दुधाळ, कडक 'करक' चहाचा कप धरतानाही त्यांची तर्जनी ताठ असायची. सहीला पेन दिलं, तरी टोक जमिनीकडे.

एकदा शेजारच्या माणसानं "सेफ है" म्हणून दिलेलं पिस्तूल मी तसंच हातात घेतलं. हवालदार कडाडले, "कोण म्हणालं सेफ?"

"हे म्हणाले."

"दुसऱ्याचं सेफ आपल्या कामाचं न्हाई, साहेब. सोताच्या हातानं उघडून बघायचं."

मी उघडून बघितलं. रिकामंच होतं. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"आता झालं सेफ," म्हणाले.

दोन हजार आठ संपता संपता मंदी आली. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. एक दिवस मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं आणि गोड हसून सांगितलं, "टेन्शन मत लो, आपका जॉब एकदम सेफ है."

मी थँक यू म्हणालो, जागेवर येऊन बसलो आणि आधी सीव्ही उघडला.